दमा लिहिला की सुटले सगळे

फुफ्फुसाच्या आंतर-ऊतींचा आजार, डॉक्टरांच्या भाषेत इंटरस्टिशियल लंग डिसीज किंवा नुसते आयएलडी, हा एक आजार नसून दोनशेहून अधिक आजारांचे कुटुंब आहे. नाकातून आत गेलेली हवा श्वासनलिकांच्या फांद्यांमधून शेवटी कोट्यवधी इवल्याशा वायुकोशांत पोचते. त्या वायुकोशांच्या भिंतींत हे आजार घर करतात. निरोगी भिंत इतकी पातळ असते की पलीकडच्या केशवाहिनीतल्या रक्ताला प्राणवायू सहज मिळतो. धूळ, बुरशी, पक्ष्यांची पिसे आणि विष्ठा, स्वतःच्याच शरीरावर उलटलेली प्रतिकारशक्ती, एखादे औषध, कधी न उमगलेले कारण, यांमुळे ती भिंत आधी सुजते, मग जाड होते आणि शेवटी तिच्यात व्रण धरतो. ओले घोसाळे वाळून खरखरीत व्हावे तसे मऊ फुफ्फुस ताठरते. माणूस आधी चढावर धापतो, मग सपाटीवर, मग अंघोळ करतानाही.

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण तालुक्यांत या कुटुंबातल्या आजाराला त्याचे नाव सहसा मिळत नाही. केसपेपरवर येते ते दमा, जुना टीबी, बिडीची छाती, नाहीतर वय. या नामकरणामागे एक घट्ट बसलेले मत आहे. आयएलडी हा शहरी प्रदूषणाचा आजार, डोंगरकपारीच्या हवेत तो कुठून येणार? गावात दम लागला तर तो दमा, नाहीतर टीबी. समजा आयएलडी असलाच, तर निदानाला सीटी स्कॅन लागतो आणि स्कॅनसाठी शहर गाठावे लागते. गाठले तरी इलाज नाही. इलाज असला तरी तो महाग. आणि एवढे करून रुग्ण पुन्हा त्याच भट्टीवर, त्याच चुलीपुढे जाऊन बसणार. मग शोधायचा कशाला?

साखळी मोठी व्यवहारी वाटते. तिची गंमत अशी की एक कडी तुटली की दुसरी पुढे केली जाते. 'नाहीच' इथून निघालेले मत 'असला तरी' इथवर येते आणि शेवटी 'चूक त्यांचीच' या मुक्कामाला थांबते. म्हणून ते कडीकडीने तपासावे लागते.

पहिली कडी स्वच्छ हवेची. शनिवार-रविवारी माळशेज घाटात किंवा माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी गाडी लावणाऱ्या पाहुण्याला इथली हवा शुद्ध वाटते. वाटणारच, तो ती दोन दिवस घेतो. फुफ्फुसाला तालुक्याची सरासरी हवा मिळत नसते. त्याला मिळते तोंडापासून हातभर अंतरावरची हवा, आणि ती कशी असेल हे माणूस काय काम करतो, कुठे रांधतो, कुठे झोपतो यावर ठरते.

दिवाळीनंतर दोन्ही तालुक्यांतली अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. माती खणायची, त्यात कोळशाची भुकटी आणि भाताचे तूस मिसळायचे, विटा थापायच्या, भट्टी रचायची, भाजलेली वीट उतरवून गाडीत भरायची. यातले कोणते काम धुळीवाचून होते? मातीत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण वायुकोशापर्यंत जातात आणि तिथून निघत नाहीत. त्यांना गिळायला आलेल्या पेशी स्वतःच मरतात, कण पुन्हा मोकळे होतात, नव्या पेशी येतात, त्याही मरतात. या चक्रातून व्रण वाढत राहतो, काम सुटल्यावरही. भट्टीवर जाणारे कुटुंब पोराबाळांसह जाते, म्हणजे काहींच्या धुळीचा हिशेब पाळण्यापासूनच सुरू होतो.

इथे एक बचाव पुढे येतो आणि तो अर्धा खरा आहे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. राजस्थानच्या वालुकाश्माच्या मानाने त्यात मुक्त सिलिका फार कमी. यावरून इथल्या खाणी आणि खडी क्रशर निर्धोक, असा निष्कर्ष काढला जातो. पण 'कमी' म्हणजे 'नाही' नव्हे. शिवाय इथले तरुण कल्याण-ठाण्याच्या बांधकामांवर जातात तेव्हा ग्राइंडरखाली ग्रॅनाइट, फरशी आणि काँक्रीट येते. दगड गावचा नसला तरी फुफ्फुस गावचेच असते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो. 5 जून 2025 रोजी तो खुला झाला. त्याचे काम चालू असताना 31 जुलै 2023 च्या रात्री सरळांबे येथे गर्डरची यंत्रणा कोसळून 20 जण ठार झाले आणि बातमी देशभर गेली. एका रात्रीत मेलेले मोजले जातात. खोदकामाच्या धुळीने दहा-पंधरा वर्षांनी जो धापू लागेल, तो कोणाच्या वहीत येणार?

धूळ ही गोष्टीची एक बाजू झाली. आयएलडीतला दुसरा मोठा गट अतिसंवेदनशील न्यूमोनायटिसचा. श्वासावाटे गेलेल्या बुरशीवर, जिवाणूंवर किंवा पक्ष्यांच्या प्रथिनांवर फुफ्फुस चिडते, पुन्हा पुन्हा चिडते आणि काही जणांत कायमचे आखडते. जे. एम. कॅम्पबेल यांनी 1932 मध्ये याचे वर्णन केले, ते लंडनच्या धुरकट गल्लीतल्या कामगारांचे नव्हते. ते उत्तर इंग्लंडच्या वेस्टमोरलँड परगण्यात ओलसर, बुरसटलेले गवत हलवणाऱ्या शेतकऱ्यांचे होते. आजाराचे रूढ नावच 'शेतकऱ्याचे फुफ्फुस' असे पडले. ज्याला शहरी म्हणून उडवून लावले जाते, तो आजार वैद्यकाच्या पुस्तकात गोठ्यातून आला आहे.

आता इथला पावसाळा आठवावा. चार महिने ओल, कुडाच्या भिंतींना बुरशी, माळ्यावर रचलेला भाताचा पेंढा, तो झटकून गुरांपुढे टाकणारा माणूस, आणि त्याच छपराखाली खुराड्यात कोंबड्या. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला तेव्हा हजारो कोंबड्या माराव्या लागल्या आणि कुक्कुटपालन तालुक्यात किती रुजले आहे ते सगळ्यांना दिसले. विषाणू आला तर यंत्रणा धावते. त्याच शेडमध्ये पिसांची आणि विष्ठेची भुकटी रोज हुंगणाऱ्या मजुराच्या खोकल्यासाठी कोणी धावत नाही. जुलै-ऑगस्ट 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबई पेटली. उच्च न्यायालयापासून वाहिन्यांपर्यंत पक्ष्यांमुळे होणाऱ्या फुफ्फुसविकाराची चर्चा झाली. पक्ष्याची विष्ठा दादरला फुफ्फुस बिघडवते आणि शहापूरच्या डोळखांबला बिघडवत नाही, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

मार्च 2012 ते जून 2015 या काळात देशातल्या 19 शहरांमधल्या 27 केंद्रांनी मिळून आयएलडी-इंडिया ही नोंदणी केली. तिच्या 1,084 रुग्णांपैकी 47.3 टक्के या अतिसंवेदनशील गटातले निघाले. कारण न सापडणारा आणि पाश्चात्त्य पुस्तकांत अग्रभागी असणारा इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, म्हणजे आयपीएफ, 13.7 टक्क्यांवर राहिला. उत्तर भारतात यामागे एअर कूलरचा संबंध ठळक दिसला. कोकणच्या दमट हवेत कूलरचे काम नाही, पण बुरशीला कूलरच लागतो असेही नाही. नोंदणी शहरांतल्या केंद्रांची होती हा आक्षेप घेतला जातो. तो उलट बाजूने जास्त बोचतो. शहरी केंद्रात पोचलेल्यांतही जवळपास निम्म्या जणांच्या आजाराचे मूळ ते श्वासावाटे घेत असलेल्या हवेत असेल, तर घर, गोठा आणि कणगी एकाच छपराखाली असलेल्या गावात ते नसणार कसे?

राहिली चूल. 1991 मध्ये ग्रॉबलार आणि बेटमन या डॉक्टरांनी दक्षिण आफ्रिकेच्या ट्रान्सकाइ भागातल्या ग्रामीण बायकांच्या फुफ्फुसांतला एक विकार 'हट लंग', म्हणजे झोपडीचे फुफ्फुस, या नावाने मांडला. या बायका खाणकामगार नव्हत्या. त्या कोंदट झोपडीत लाकूडफाटा आणि शेण जाळून रांधत आणि दगडावर मका दळत. चुलीचा धूर आणि दगडाची धूळ मिळून त्यांच्या फुफ्फुसांवर खाणीसारख्या खुणा उमटल्या होत्या. चूल आणि जाते या जोडीची ओळख मुरबाडच्या आजीला ट्रान्सकाइतून करून द्यावी लागत नाही. उज्ज्वला योजना 2016 मध्ये सुरू झाली आणि गॅस घरात आला हे खरे. पण सिलिंडर संपला की पुढचा भरायला पैसे लागतात, आणि लाकूडफाटा रानात फुकट मिळतो. त्यावर उन्हाळ्यात राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जमीन, भाजण्याचा धूर. स्वच्छ हवेचा दावा करणाऱ्याने यातली एकेक गोष्ट वजा करून पाहावी आणि उरलेली हवा कोणाच्या वाट्याला येते ते सांगावे.

दुसरी कडी अशी की दम म्हणजे दमा, नाहीतर टीबी. दम्यात श्वासनलिका आकसतात. त्यामुळे श्वास सोडताना त्रास होतो, घरघर येते, त्रास येतो-जातो, आणि नळ्या रुंद करणारा पंप ओढला की सुटका होते. आयएलडीत नळ्या उघड्याच असतात, ताठरलेले असते ते फुफ्फुस. तिथे पंप ओढणे म्हणजे उघड्या दाराला किल्ली लावणे. या रुग्णाला ठसका लागतो पण कफ फारसा पडत नाही, धाप येते-जात नाही तर महिन्यामहिन्याने वाढत जाते, आणि घरघर बहुधा नसते. पाठीच्या तळाशी स्टेथोस्कोप ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितला की चपलेचा वेल्क्रो पट्टा उघडावा तशी बारीक करकर ऐकू येते. काहींच्या बोटांची टोके फुगीर आणि नखे घुमटासारखी झालेली असतात. हा फरक ओळखायला एमडी लागत नाही. शर्ट वर करून पाठ ऐकण्याएवढा वेळ लागतो. फुंकून करायच्या स्पायरोमेट्रीत तोच फरक आकड्यांत दिसतो. दम्यात हवा बाहेर पडण्याचा वेग घटतो, आयएलडीत फुफ्फुसात मावणारी हवाच घटते.

टीबीचा मुद्दा याहून गंभीर आहे. टीबी इथे आहे आणि भरपूर आहे. दोन आठवडे खोकला असलेल्या प्रत्येकाच्या थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी आधी व्हावी, यात वाद नाही. घोटाळा पुढे होतो. चाचणी निगेटिव्ह येते, पण छातीच्या फोटोत डाग दिसतात, आणि डाग म्हणजे टीबी या हिशेबाने सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो. कोर्स संपतो, दम वाढलेला असतो. मग निघणारा निष्कर्ष काय, तर टीबी हट्टी आहे! आयएलडीचे डागही फोटोत दिसतात, आणि सुरुवातीच्या काळात तर फोटो साफही येऊ शकतो. चंडीगडच्या एका मोठ्या संस्थेने केलेल्या नोंदणीत आयएलडीच्या रुग्णांत सारकॉइडोसिस हा आजार सर्वांत पुढे होता, आणि तो फोटोत, इतकेच काय सूक्ष्मदर्शकाखालीही, टीबीशी चकवा देईल इतका मिळताजुळता असतो. उलट, फुफ्फुसात सिलिका असेल तर टीबी होण्याचा धोका खरोखरच वाढतो. म्हणजे भट्टीवरच्या माणसाला दोन्ही असू शकतात. एक सापडला म्हणून दुसऱ्याची चौकशी थांबवणे हे कोणत्या बाजूने शहाणपण ठरते?

असे का घडते, हेही उघड आहे. टीबीच्या रुग्णासाठी यंत्रणेत खण तयार आहे. त्याला निक्षय पोर्टलवर क्रमांक मिळतो, फुकट औषध मिळते, 1 नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये मिळतात. आयएलडीला खणच नाही. कपाटात जो खण असतो, वस्तू त्यातच कोंबली जाते. यात टीबी कार्यक्रमाचा दोष नाही. दोष आहे तो खण नाही म्हणून वस्तूच नाही असे मानण्याचा.

बिडीचे कारण याच जातीचे. बिडी फुफ्फुसाचा नाश करते आणि आयपीएफचा धोकाही वाढवते. पण 'बिडी ओढतो ना?' हा प्रश्न बहुधा चौकशी संपवण्यासाठी विचारला जातो. तो माणूस तीस वर्षे भट्टीवर होता, हे विचारायचे राहून जाते. आणि आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या, सकाळी बोटे आखडणाऱ्या, सांध्यांसाठी गोळ्या खाणाऱ्या बाईचे काय? संधिवात, स्क्लेरोडर्मा यांसारखे आजार फुफ्फुसात उतरतात. आयएलडी-इंडिया नोंदणीत अशा रुग्णांचे प्रमाण 13.9 टक्के होते. तिच्या सांध्यांना एक दवाखाना, दमाला दुसरा, आणि दोन्ही कागद एकत्र वाचणारा कोणीच नाही.

तिसरी कडी सीटी स्कॅनची. निदानावर शिक्कामोर्तब करायला छातीचा हाय रिझोल्यूशन सीटी लागतो, हे निर्विवाद. पण संशय घ्यायला काय लागते? 15 सप्टेंबर 2020 रोजी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि पथके ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरली. ते यंत्र आता उपकेंद्राला नवे नाही. बसल्या जागी आयएलडीच्या रुग्णाचा आकडा 95-96 येऊ शकतो आणि 'ऑक्सिजन ठीक आहे' म्हणून त्याला घरी पाठवले जाते. त्यालाच सहा मिनिटे अंगणात चालवावे, किंवा एक मिनिट खुर्चीवरून उठबस करायला लावावी. आकडा चार अंकांनी घसरला किंवा नव्वदीच्या खाली गेला, तर फुफ्फुसाची भिंत बोलू लागली असे समजावे. फक्त बोटे गार नसावीत, मेंदी धुतलेली असावी, आणि सावळ्या कातडीवर हे यंत्र खऱ्याहून जास्त आकडा दाखवू शकते याचे भान असावे.

प्रश्नांचेही तसेच. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशाताई जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात दम लागतो का, हे विचारलेले आहे. स्वयंपाकाला कोणते इंधन, हे विचारलेले आहे. पिकांचा कचरा जाळणे आणि धूर-धुळीची कामे यांची चौकशी आहे, आणि उदाहरण म्हणून वीटभट्टीचे नाव त्या फॉर्मवर छापलेले आहे. म्हणजे सरकारने प्रश्न छापला, आशाताईने तो विचारला, बाईने उत्तर दिले. आणि पुढे? दमाच्या खुणेसमोर भट्टीची खूण असलेला कागद पाहून पाठ ऐकायला बोलावणे, एवढेच राहिले आहे. ज्याचा अर्धा रस्ता आधीच बांधून झाला आहे, त्याला 'मुंबईशिवाय होत नाही' म्हणणे हा आळसाला दिलेला तांत्रिक मुलामा आहे.

मुंबई लागते ती नंतर आणि मोजक्यांना. शहापूरकराला आसनगाव-कसाऱ्याची लोकल आहे, मुरबाडकराला कल्याणपर्यंत एसटी. दोन्ही प्रवास दम लागणाऱ्याला जड आहेत, दिवसाची मजुरी बुडवणारे आहेत. म्हणूनच प्रवास एकदा आणि नेमका व्हावा. 'दमा, पुढे पाठवत आहे' एवढीच चिठ्ठी घेऊन गेलेला रुग्ण ओपीडीच्या रांगेत उभा राहून पंप घेऊन परततो. 'अकरा हंगाम वीटभट्टी, चालल्यावर ऑक्सिजन 88, पाठीत करकर, टीबी निगेटिव्ह' अशी चिठ्ठी असेल तर पहिल्याच फेरीत स्कॅन होण्याची शक्यता वाढते. अंतर कमी करता येत नाही, हेलपाटे कमी करता येतात.

चौथी कडी सर्वांत लाडकी: इलाज नाही. मधुमेह बरा होतो का? रक्तदाब? तरी त्यांच्या गोळ्या उपकेंद्रात मिळतात आणि त्यावर कोणी हात झटकत नाही. अतिसंवेदनशील न्यूमोनायटिस लवकर ओळखला आणि कारण दूर केले, तर फुफ्फुस बरेचसे सावरू शकते. तिथे पहिले औषध आहे पेंढा वाळवून रचणे, खुराडे घराबाहेर नेणे, कुडावरची बुरशी काढणे. संधिवाताशी जोडलेल्या प्रकारांत मायकोफेनोलेटसारखी औषधे प्रतिकारशक्तीला लगाम घालतात. आयपीएफमध्ये पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब ही दोन औषधे व्रण पुसत नाहीत, पण त्याची चाल मंदावतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत निंटेडॅनिब घेणाऱ्यांची फुफ्फुसक्षमता वर्षाला सुमारे 115 मिलिलिटरने घटली, न घेणाऱ्यांची 240 ने. 2019 च्या इनबिल्ड चाचणीत हेच औषध आयपीएफ नसलेल्या, पण व्रण वाढत जाणाऱ्या इतर आयएलडीतही उपयोगी दिसले: घट 81 मिलिलिटर, एरवी 188. निम्म्याहून अधिक घसरण थांबवणाऱ्या औषधाला 'इलाज नाही' म्हणायचे असेल, तर इलाज या शब्दाची व्याख्या आधी द्यावी लागेल.

उलट, 'इलाज नाही' म्हणत जे केले जाते, तोही इलाजच असतो, फक्त चुकीचा. दम लागला की डेक्साची सुई. स्टिरॉइडने दोन दिवस तरतरी येते आणि सुईवर विश्वास बसतो. काही आयएलडीत स्टिरॉइड खरेच लागते, ते निदानानंतर आणि मोजून. आयपीएफमध्ये काय होते? प्रेडनिसोन हे स्टिरॉइड, अॅझाथायोप्रिन आणि एन-अॅसिटिलसिस्टीन हा तेव्हाचा सर्रास इलाज अमेरिकेतल्या पँथर चाचणीत तपासला गेला. 2012 च्या अहवालानुसार औषध घेणाऱ्या गटात 8 मृत्यू झाले, न घेणाऱ्यांत 1, आणि चाचणीचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. शिवाय न तपासलेल्या टीबीवर स्टिरॉइड म्हणजे विस्तवावर रॉकेल. निदान परवडत नाही म्हणणाऱ्यांना ही सुई कशी परवडते?

महागाईचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि म्हणूनच तो रुग्णाविरुद्ध वापरता येत नाही. दोन्ही औषधे देशी कंपन्यांची मिळतात, तरी मजुराच्या खिशाला वर्षानुवर्षे झेपणारी नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुळात रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेली आहे, घरी बसून रोज घ्यायच्या गोळीपाशी तिचा हात आखडतो. औषधांचे दुष्परिणामही इथल्या जगण्याशी भिडतात. पिरफेनिडोनने ऊन सोसत नाही, आणि रुग्ण शेतमजूर. निंटेडॅनिबने जुलाब होतात, आणि तानसा-भातसाचे पाणी मुंबईला धाडून एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणारे पाडे याच शहापूर तालुक्यात आहेत. घरच्या ऑक्सिजन मशीनला अखंड वीज लागते. या अडचणींतून निघणारा निष्कर्ष 'शोधू नका' हा नाही. औषध सरकारी यादीत आणा, यकृताची तपासणी तालुक्यात करा, मशीनला बॅटरीची जोड द्या, हा आहे. आणि ज्याला औषध झेपत नाही त्याच्यासाठीही फ्लू आणि न्यूमोकोकसची लस, श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम, लागेल तेव्हा ऑक्सिजन, आणि शेवटच्या टप्प्यात धाप आणि खोकला शमवणारी उपशामक सेवा उरतेच. यातले बहुतेक महाग नाही, फक्त कोणीतरी सांगावे लागते.

शेवटची कडी रुग्णावरच उलटते: हे लोक ऐकत नाहीत, पुन्हा भट्टीवरच जातात. जाणार नाहीत तर काय करतील? हंगामाआधी उचल घेतलेली असते. ती फेडायची असते हजार विटांमागे ठरलेल्या मजुरीतून, नवरा-बायकोने मिळून. 'भट्टी सोडा' हा सल्ला उचलेच्या वहीत जमा होत नाही. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, पण कर्ज मागे ओढतेच. काम सोडता येत नसेल तर कामातली धूळ कमी करता येते. माती ओली करून खणता-भरता येते. राख उतरवताना तोंडाला पदर किंवा उपरणे बांधून सूक्ष्म धूळ अडत नाही, घट्ट बसणारा एन-95 मास्क लागतो, आणि तो मालकाने द्यायचा असतो. राबाला पर्याय म्हणून नेरळच्या सगुणा बागेतून पुढे आलेले सगुणा भात तंत्र आहे, ज्यात रोपवाटिका आणि लावणी दोन्ही टळतात. ऐकत नाहीत असा ठपका ठेवण्याआधी, ऐकता येईल असे काही सांगितले गेले का?

आणि इथेच 'दमा' या शब्दाचे खरे काम उघडे पडते. सिलिकोसिस हा कायद्याने सरकारला कळवणे बंधनकारक केलेला आजार आहे, आणि कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने धुळीच्या फुफ्फुसरोगांना व्यवसायजन्य रोग मानले आहे. उघड्या माळावरच्या, हजेरीपटावर नाव नसलेल्या भट्टी मजुराला तो हक्क मिळवणे आधीच अवघड. पण केसपेपरवर धुळीचा आजार लिहिला गेला, तर निदान प्रश्न तरी उभे राहतात. धूळ कोणाची? पाणी का मारले नाही? मास्क का दिला नाही? भरपाई कोण देणार? दमा लिहिला की यातले काहीच उरत नाही. दमा कोणाचा नसतो, तो नशिबाचा असतो, फार तर आईबापाकडून आलेला. मालक सुटतो, कार्यालय सुटते, दवाखाना सुटतो, आणि अडकून राहतो तो एकटा धापणारा माणूस.

शहापूर-मुरबाडच्या केसपेपरवर दम लागणाऱ्या प्रत्येकासमोर पाच गोष्टी लिहिल्या जाव्यात: काम कोणते आणि किती वर्षे, घरात चूल, पेंढा, पक्षी काय आहे, चालल्यावर ऑक्सिजन किती, पाठीच्या तळाशी काय ऐकू येते, आणि टीबीची चाचणी काय म्हणते. त्यानंतरही दमा निघाला तर तो खुशाल लिहावा, तेव्हा ते निदान असेल. या पाच ओळींआधी लिहिलेला दमा हे निदान नव्हे. ती सुटका आहे, आणि तिची किंमत रुग्ण श्वासाश्वासाने मोजतो.